पैसे कवीचे, नाव प्रकाशकाचे

जुन्या मराठी ग्रंथांची नामपृष्ठे चाळताना एक उल्लेख वारंवार आढळतो. पुस्तक ग्रंथकर्त्यानेच छापवून प्रसिद्ध केले आहे, असे तेथे सरळ नोंदवलेले असते. खाली किंमत, छापखान्याचे नाव आणि प्रत कोठे मिळेल तो पत्ता; हा पत्ताही पुष्कळदा ग्रंथकर्त्याच्या घराचाच. यात कोणाला कमीपणा वाटत नसे. आज नागपुरात वर्षभर पुस्तकांचे प्रकाशन समारंभ होत असतात. त्यांतील कितीतरी कवितासंग्रहांचा खर्च कवीनेच उचललेला असतो. हे श्रोत्यांना ठाऊक असते, व्यासपीठावरील मान्यवरांनाही ठाऊक असते. नामपृष्ठावर मात्र प्रकाशनसंस्थेचे नाव आणि बोधचिन्ह तेवढे झळकते. खर्च कोणी केला, याचा मागमूस कोठेही नसतो.

लेखकाकडून पैसे घेऊन त्याचे पुस्तक काढणे नैतिक आहे काय, हा प्रश्न साहित्यवर्तुळात खासगीत पुष्कळ चर्चिला जातो, जाहीरपणे फारसा नाही. चर्चा झालीच, तर ती दोन टोकांना जाते. एका टोकाला, पैसे देऊन छापलेले ते साहित्यच नव्हे, असा तुच्छतेचा सूर; दुसऱ्या टोकाला, ‘थोरामोठ्यांनीही स्वखर्चानेच पुस्तके काढली’ हे समर्थन. वस्तुतः या दोन्ही भूमिकांत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. लेखकाने स्वतःच प्रकाशक होणे ही एक गोष्ट. प्रकाशक म्हणवणाऱ्या दुसऱ्या कोणास पैसे देऊन त्याच्याकडून ‘निवड’ विकत घेणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट.

स्वखर्चाची परंपरा

पहिल्या प्रकाराचा मराठीतील इतिहास तर अभिमानास्पदच म्हणावा लागेल. पेशवाईतील दक्षिणेच्या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ वळवण्यात आला आणि त्यासाठी पुण्यात दक्षिणा प्राइझ कमिटी काम करू लागली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक याच कमिटीकडे पाठवले होते. कमिटीने ते नाकारले. ते छापून वाचकांसमोर यायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. निवड करणाऱ्यांच्या हाती द्वार असले, की ते कोणासाठी बंद राहते, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेही तसेच. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने १९३६ च्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांना दिले, भाषणाचा मसुदा पाहिल्यावर त्यातील मजकुराला हरकत घेतली आणि अखेर अधिवेशनच रद्द केले. बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती काढल्या. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हा ग्रंथ जगापुढे आला तो असा. वीस वर्षांनंतर, नागपूरच्या धम्मदीक्षेला महिनाभराचा अवधी उरला असताना, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या छपाईचा प्रश्न त्यांच्यापुढे उभा होता. खर्च वीस हजारांच्या घरात जाणार होता आणि तो एकट्याला झेपणारा नव्हता. १४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून, बुद्धजयंती वर्षाच्या निमित्ताने सरकारने ५०० प्रती विकत घ्याव्यात, अशी विनंती केली. त्यासाठीची तरतूद संपली असल्याचे उत्तर त्यांना मिळाले. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. येथे ध्यानात घेण्याजोगी बाब ही, की त्यांनी मागितले ते ग्राहक. ग्रंथाची किंमत ग्रंथ घेणाऱ्याकडून यावी, हा व्यवहाराचा सरळ मार्ग होता.

नागपूरकरांना अधिक जवळचे उदाहरण डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा संसार प्रथम थाटला गेला तो याच शहरात. पहिल्या महायुद्धाच्या काळात केतकरांनी येथे ‘ज्ञानकोश मंडळ’ ही मर्यादित कंपनी उभारली, तिचे भाग विकले, गावोगाव माणसे पाठवून आगाऊ वर्गणीदार मिळवले. पुढे काम पुण्यास हलले आणि १९२० च्या दशकात २३ खंड पुरे झाले. एवढा प्रचंड खर्च, पण तो उभा राहिला भागधारक आणि वर्गणीदार यांच्या पैशांवर. ज्ञानकोशात लेख येण्यासाठी लेखकानेच रक्कम भरावी, ही कल्पना केतकरांच्या हिशेबात कोठेच बसली नसती. (‘माझे बारा वर्षांचे काम’ हे त्यांनी लिहिलेले ज्ञानकोशाचे आत्मवृत्त प्रत्येक होतकरू प्रकाशकाने वाचावे असे आहे. प्रकाशनव्यवसाय म्हणजे दारोदार हिंडणे, हे त्यातून नीट कळते.)

ही परंपरा नंतरही खंडित झाली नाही. मुंबईत काही कवींनी मिळून ‘क्लिअरिंग हाऊस’ ही संस्था चालवली आणि अरुण कोलटकरांचा ‘जेजुरी’ हा इंग्रजी संग्रह १९७६ मध्ये तिच्यातर्फेच निघाला. आपल्याकडे दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सोहळ्यात पुस्तकांची जी दुकाने लागतात, तेथे आजही स्वतःची पुस्तिका स्वतः छापून, स्वतः मांडून विकणारा लेखक भेटतो. त्याने पैसे घातलेले असतात आणि तो ते वाचकाकडून परत मिळवू पाहतो. कोणी मोठ्या संस्थेने आपली निवड केली, असे तो भासवत नाही. या लेखकाविषयी नैतिकतेचा प्रश्न उपस्थितच होत नाही.

नागपूरची अडचण

मग प्रश्न निर्माण होतो कोठे? त्यासाठी वऱ्हाड-नागपूरची परिस्थिती थोडी ध्यानात घ्यावी लागेल. मराठी ग्रंथव्यवसाय प्रथमपासून पुण्या-मुंबईत एकवटलेला. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची आणि नंतर मध्य प्रदेशाची राजधानी होते. राज्यकारभाराचे केंद्र येथे, पण मराठी पुस्तकांची बाजारपेठ तिकडे. विदर्भातील लेखकांना स्वतःचे व्यासपीठ हवे, या जाणिवेतूनच १९२३ च्या मकरसंक्रांतीला अमरावतीत विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला आणि पुढे नागपुरात स्थिरावला. ग्रेस यांच्यासारखा नागपूरचा कवी मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाकडून वाचकांपर्यंत पोचला. मात्र प्रत्येकाच्या वाट्याला असा प्रकाशक येत नाही. गडचिरोली वा यवतमाळच्या एखाद्या शिक्षकाने हस्तलिखित पुण्याला पाठवावे, वर्षभर वाट पाहावी, उत्तर येऊ नये, आणि मग जवळच्या शहरातील कोणी ‘तुम्ही थोडा वाटा उचला, पुस्तक महिन्यात काढून देतो’ म्हणावे. मोह कोणालाही होईल.

या मोहाला इतर काही गोष्टींनी खतपाणी घातले. कवितासंग्रह विकला जात नाही, हे प्रकाशकाचे रडगाणे खोटे नव्हे. एकेकाळी हजार प्रतींची आवृत्ती काढण्याचा संकेत होता. आता संगणकीय छपाईमुळे शंभर, पन्नास प्रतीही निघू शकतात. त्यामुळे पुस्तक ‘निघणे’ सोपे झाले, पण ते खपणे अवघडच राहिले. दुसरीकडे सार्वजनिक ग्रंथालयांची खरेदी. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमानंतर गावोगाव अनुदानित वाचनालये उभी राहिली, हे महाराष्ट्राचे मोठेच काम. पण त्याचबरोबर वाचकाने निवडलेल्या पुस्तकाऐवजी अधिक सवलतीत मिळणारे पुस्तक कपाटात जाऊन बसण्याची वाटही तयार झाली. किंमत भरमसाट छापायची आणि सवलतही भरमसाट द्यायची, ही युक्ती ग्रंथव्यवहारातील कोणास ठाऊक नाही?

तिसरी गोष्ट महाविद्यालयांतील. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी व पदोन्नतीसाठी प्रकाशनांचे गुणांकन आणले. पुस्तकाला आयएसबीएन असणे हा त्यात एक निकष होता. परिणामी या क्रमांकाभोवती एक अवाजवी वलय तयार झाले. वास्तविक आयएसबीएन हा पुस्तक ओळखण्याचा क्रमांक आहे, गाडीच्या नोंदणी क्रमांकासारखा. तो गुणवत्तेची ग्वाही देत नाही. शिवाय भारतात तो राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेमार्फत विनामूल्य मिळतो आणि लेखकाला स्वतःलाही मागता येतो. तरीही ‘आयएसबीएनसह प्रकाशन’ असे दरपत्रक काढून त्या क्रमांकासाठी वेगळे पैसे आकारणारे महाभाग आहेत. ज्याने क्रमांकाचे पैसे मागितले, त्याच्या उरलेल्या हिशेबाकडे जरा बारकाईनेच पाहिलेले बरे.

व्यवहार कसा होतो

सशुल्क प्रकाशनाचा सर्वांत प्रचलित नमुना म्हणजे प्रातिनिधिक काव्यसंग्रह. ‘आपली कविता निवड समितीने निवडली आहे’ असे पत्र वा निरोप येतो. सहभाग शुल्क भरावे, त्यात दोन प्रती, सन्मानचिन्ह व प्रमाणपत्र मिळेल, असे पुढे लिहिलेले असते. समजा, शंभर कवींनी प्रत्येकी पाचशे रुपये भरले, तर पन्नास हजार रुपये जमले. प्रत्येकी दोन याप्रमाणे दोनशे प्रती छापायच्या. साध्या बांधणीच्या पुस्तकाचा खर्च त्यात भागतो आणि वर काही उरतेही. या हिशेबात एक मनुष्य कोठेही दिसत नाही, तो म्हणजे वाचक. पुस्तक छापून झाले की ते विकण्याची गरजच संपलेली असते, कारण ते आधीच विकले गेलेले आहे, ज्यांनी लिहिले त्यांनाच.

स्वतंत्र संग्रहाचे गणित याहून मोठे, पण घडण तीच. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी अशी बेरीज करून एक रकमेचा आकडा सांगितला जातो. पाचशे प्रतींची आवृत्ती म्हणून सांगितले, पण प्रत्यक्षात शंभर छापल्या, तर ते पडताळून पाहण्याचे साधन लेखकाकडे नसते. मुद्रितशोधनाचे नाव आकड्यात असते, पुस्तकात त्याची खूण दिसत नाही. प्रकाशन समारंभाचे सभागृह, शाल-श्रीफळ, अल्पोपाहार हे सगळे पुन्हा लेखकाच्याच माथी. समारंभ आटोपला की उरलेले गठ्ठे त्याच्या घरी पोचवले जातात आणि दिवाणाखाली वा माळ्यावर त्यांची सोय होते. निवृत्तीच्या रकमेतून हा खर्च केलेली माणसे पाहण्यात आहेत. त्यांना फसवले गेल्याची तक्रार करायचीही लाज वाटते, कारण तक्रार करणे म्हणजे पुस्तक पैसे देऊन काढले हे मान्य करणे. या धंद्याचे खरे संरक्षण ही लाजच करते.

पैसे दिले-घेतले यातच पाप आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. मुंबईच्या जहांगीर कलादालनात १९५२ पासून चित्रकार भाडे भरून आपली चित्रे मांडत आले आहेत. तेथे अर्जांची छाननी होते, तारखेसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते आणि भाडे सर्वांना ठाऊक असते. प्रेक्षकाची त्यात फसगत होत नाही. मुद्रक पैसे घेतो, संपादनाचे काम करून देणारा घेतो, मुखपृष्ठाचा चित्रकार घेतो, घ्यायलाच हवेत. श्रमाचा मोबदला मागणाऱ्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. आक्षेप येतो तो पुढच्या पायरीवर. प्रकाशक म्हणजे ज्याने हस्तलिखित वाचले, ते पसंत केले आणि त्या पसंतीवर स्वतःचे पैसे लावले, असे वाचक गृहीत धरतो. प्रकाशकाच्या नावाला जी किंमत आहे, ती या जोखमीतून आलेली आहे. जोखीम पूर्णपणे लेखकाच्या खांद्यावर ढकलून नाव मात्र तसेच लावणे म्हणजे वाचकाला खोटे सांगणे होय. लेखकालाही खोटेच सांगितले जाते. त्याची कविता निवडली गेली असे त्याला वाटते, प्रत्यक्षात त्याचा धनादेश निवडला गेलेला असतो.

यावर नेहमी मार्सेल प्रूस्तचे उदाहरण फेकले जाते. त्याच्या महाकादंबरीचा पहिला भाग १९१३ मध्ये पॅरिसच्या ग्रासे या प्रकाशकाने लेखकाच्या खर्चाने काढला, हे खरे आहे. पण प्रूस्त सधन होता, आपण काय विकत घेत आहोत हे त्याला पक्के ठाऊक होते, आणि पुस्तक दुकानांत जाऊन वाचकांच्या हाती पडावे यासाठी प्रकाशक बांधलेला होता. नकार देणाऱ्या मंडळींनी नंतर चूक मान्य करून त्याला आपल्याकडे बोलावून घेतले, तेही पुस्तक वाचले गेले म्हणूनच. आपल्याकडच्या दरपत्रकांत छपाईचा तपशील ओळीओळीने असतो, वितरणाविषयी मात्र क्वचितच एखादे वाक्य.

आणखी एक हानी आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पैसे घेणारा हस्तलिखिताला नकार देत नाही. नकार नाही म्हणून दुरुस्ती नाही, पुनर्लेखन नाही, ‘या चाळीसांतल्या दहाच ठेवा’ असे सांगणारा कोणी नाही. चांगल्या संपादकाच्या हाताखालून गेलेला कवी दुसऱ्या संग्रहात जेवढा वाढतो, तेवढा पैसे भरलेला कवी दहाव्या संग्रहातही वाढलेला दिसत नाही. यात त्याच्या प्रतिभेचा दोष असेलच असे नाही. आणि ज्याच्याकडे भरायला पैसेच नाहीत, त्या शेतमजुराच्या मुलीची कविता या सगळ्या व्यवहारात मुळी येतच नाही, मग ती कितीही अव्वल असो. फुल्यांचे नाटक कमिटीने अडवले होते. आता तेच काम दरपत्रक करते.

कायदा काय म्हणतो

पैसे भरणाऱ्या लेखकाला स्वतःच्या हक्कांची माहिती असेल, तर बरीचशी लबाडी जागच्या जागी थांबते. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमानुसार कृती निर्माण होताच तिचा प्रताधिकार लेखकाकडे येतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हा अधिकार दुसऱ्याला द्यायचा, तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती स्वामित्वधन, हे लेखात नमूद असावे, असे कलम १९ सांगते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. वेगळे काही ठरलेले नसल्यास, हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर ते लेखकाकडे परत जातात. तोंडी बोलण्यावर प्रताधिकार कोणाकडे जात नाही. ज्याने छपाईचा सर्व खर्च स्वतः दिला, त्याने प्रताधिकारही देऊन टाकण्याचे काहीच कारण नाही. तरीही छापील करारावर डोळे झाकून सही करणारे लेखक आहेत. कलम ५७ अन्वये कृतीवर आपले नाव असण्याचा आणि तिची मोडतोड रोखण्याचा हक्क तर प्रताधिकार दिल्यानंतरही लेखकाकडेच राहतो.

करारात आणखी काय असावे? प्रतींची संख्या आणि मुद्रकाच्या देयकाची प्रत. छापलेल्या प्रती कोणाच्या मालकीच्या, हे स्पष्ट शब्दांत. खर्च लेखकाचा असेल तर प्रतीही त्याच्याच. विकल्या गेलेल्या प्रतींचा हिशेब कधी मिळणार, ती तारीख. व्यावसायिक प्रकाशक स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढून छापील किमतीच्या साधारण दहा टक्क्यांच्या आसपास स्वामित्वधन देतो. खर्च लेखकाने केलेला असताना त्याच्या हाती तेवढेच दहा टक्के ठेवणारा करार उघडउघड उफराटा आहे. ठरलेले काम झाले नाही, तर पैसे देऊन सेवा घेणारा म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याचा विचार वकिलाच्या सल्ल्याने करता येईल.

पैसे उलट्या दिशेने, म्हणजे लेखकाकडे, वाहावेत यासाठी काही योजनाही आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० पासून कार्यरत असून, त्याच्या नवलेखक अनुदान योजनेतून नवोदितांच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला साहाय्य मिळते. हस्तलिखिताची तेथे छाननी होते, वेळ लागतो, नकारही येतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये तीस वर्षांखालील लेखकांसाठी जी योजना आणली, तीत निवडलेल्या ७५ जणांना सहा महिने दरमहा ५० हजार रुपयांची शिष्यवृत्ती ठेवण्यात आली आणि पुस्तके काढण्याचे काम नॅशनल बुक ट्रस्टकडे सोपवले गेले. विदर्भातील साहित्यसंस्थांनी आपल्या शाखांमधून या योजनांचे अर्ज भरून घेण्याचे साधे काम अंगावर घेतले, तरी दरपत्रकवाल्यांचे निम्मे गिऱ्हाईक कमी होईल असे वाटते. तसेच पुरस्कार देणाऱ्या संस्थांनी प्रवेशिकेबरोबर शुल्क मागणे थांबवावे आणि पुस्तक लेखकाच्या खर्चाने निघाले असेल तर तसे नामपृष्ठावर छापण्याचा आग्रह धरावा. जुन्या ग्रंथकर्त्यांना त्यात संकोच वाटत नव्हता.

राहता राहिला एक तपशील. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांच्या आत, स्वतःच्या खर्चाने, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमून दिलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. पुस्तक खपो न खपो, त्याची एक प्रत देशाच्या ग्रंथसंग्रहात जाऊन बसते ती यामुळेच. पैसे घेऊन पुस्तके काढणाऱ्या प्रकाशकाने या प्रती पाठवल्या काय, हे त्याला विचारावे आणि ग्रंथालयांची पोच पाहण्यास मागावी.